हास्य, करुण आणि एक ध्वनिफीत

ग्रंथाचे परीक्षण लिहावयास बसलेल्या टीकाकारास एक मोठी सोय असते. ग्रंथ त्याच्या पुढ्यात असतो. वाटेल तेव्हा पान उलटून त्याला आपले मत पडताळून पाहता येते. आणि ग्रंथ कितीही जीर्ण झाला तरी त्यातील अक्षरे आपला अर्थ बदलीत नाहीत. ध्वनिफितीच्या परीक्षकास ही सोय नाही. आमच्यापुढे जी फीत आहे ती निघाल्यास आता चार दशके होत आली. त्यांपैकी बराच काळ ती उरणजवळील करंजा या आमच्या गावी, खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेत, एका पत्र्याच्या पेटीत पडून होती. तिच्या कडेला पांढरी बुरशी चढली आहे, आणि गाण्याच्या मागे पाऊस पडत असावा तसा एक बारीक ध्वनी सारखा चालू असतो. असे असूनही तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते. आज ते ऋण फेडीत आहो.

फितीचे नाव ‘पॅक दॅट स्मॅक’. साल १९८६. कवी, चालकार, गायक व वादक या सर्व नात्यांनी तिचे कर्तृत्व एकाच गृहस्थाकडे जाते. ते गृहस्थ म्हणजे गोव्यातील शिवोली गावचे श्री. रेमो फर्नांडिस. गीते प्रामुख्याने इंग्रजीत. ‘स्मॅक’ हा इंग्रजी बोलभाषेतील शब्द आपण मराठीत ज्याला ‘गर्द’ म्हणतो त्या पुडीतल्या विषाचे नाव आहे, एवढे सांगितले म्हणजे शीर्षकगीताचा विषय वाचकांच्या ध्यानी येईल. ‘ही पूड आवरा, बांधा, येथून चालती करा’ असा त्याचा रोख आहे.

मराठी मासिकात इंग्रजी गाण्यांचे परीक्षण कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला आमचे उत्तर असे की, ज्या किनाऱ्यावर ही गाणी जन्मली तो किनारा आपलाच आहे. शिवोलीपासून करंजापर्यंत तोच समुद्र, तीच माडांची रांग आणि तीच मासळी. दुसरा आक्षेप असा येईल की, नाचावयाच्या गाण्यांना वाङ्मयाच्या पंक्तीस का बसवावे? त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. तिसरा आक्षेप मात्र आम्ही स्वतःच स्वतःवर घेतो. एवढी वर्षे हा लेख का लिहिला नाही? त्याचे कारण या लेखाच्या ओघात येईल.

प्रथम कर्त्याविषयी. श्री. रेमो यांचा जन्म १९५३ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. पण घरे बांधण्याऐवजी त्यांनी गाणी बांधण्याचे मनावर घेतले. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते युरोपात व उत्तर आफ्रिकेत भटकले, तेथल्या वादकमंडळींत मिसळले, आणि पुन्हा गोव्यास परतले. मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांना हिंदुस्थानी मनुष्याने रचलेल्या नव्या इंग्रजी गाण्यांत काही गम्य वाटेना. विलायती गाण्यांच्या नकला विकल्या जात; मूळ रचना कोण घेणार, असा त्या काळचा व्यापारी हिशेब होता. तेव्हा या गृहस्थांनी शिवोलीतील आपल्या घरातच ध्वनिमुद्रण केले. सर्व वाद्ये स्वतः वाजविली, सर्व आवाज स्वतः दिले, फितीच्या वेष्टणाचे चित्रही स्वतः काढले, आणि तयार फिती पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतःच पोहोचविल्या. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’, १९८५ साली ‘ओल्ड गोअन गोल्ड’, १९८६ साली प्रस्तुतची फीत आणि १९८७ साली ‘बॉम्बे सिटी’ अशी ही घरगुती मालिका आहे. पुढे हिंदी चित्रपटांनी त्यांना देशभर नेले, आणि २००७ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. परंतु आमच्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या चार फितींत आहे.

ज्या यंत्रावर ही कामगिरी झाली त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण या गाण्यांचा स्वभाव काही अंशी त्या यंत्राने घडविला आहे. १९७९ साली एका जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे चार पट्ट्यांचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटीवर एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस दोन असे चार पट्टे असतात. या यंत्राने ते चारही पट्टे एकाच दिशेने वापरावयास काढले. पहिल्या पट्ट्यावर ताल भरावा, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज. मग हे तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवावेत, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे होतात. असे केल्याने एकटा मनुष्य सबंध वाद्यवृंद उभा करू शकतो. मात्र प्रत्येक उतरवणीबरोबर फितीचा तो बारीक पावसासारखा ध्वनी वाढत जातो, आणि एकदा एकत्र केलेले सूर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. जे ठरविले ते ठरले. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ सालचा आपला ‘नेब्रास्का’ हा काळोखा गीतसंग्रह याच जातीच्या यंत्रावर घरी मुद्रित केला होता. तेव्हा घरगुती साधन म्हणजे हलके साधन असे समजण्याचे कारण नाही.

याच सुमारास विलायतेत काय चालले होते तेही पाहू. १९७६-७७ च्या सुमारास तेथे ‘पंक’ नावाची गाण्यांची एक दांडगी लाट आली. तीन सूर येतात ना, मग मंडळी जमवा आणि गा, असा तिचा खाक्या होता. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या मंडळींनी १९७७ च्या जानेवारीत उसनवार पैसे घेऊन आपली तबकडी आपणच काढली, आणि कंपनीच्या दारी ताटकळण्याची गरज नाही हे इतरांस दाखवून दिले. ही लाट ओसरल्यावर जे उरले त्याला ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. त्यात पहिल्या लाटेचा स्वावलंबीपणा राहिला. आरडाओरडीची जागा मात्र बुद्धीने, उपरोधाने व काळ्या विनोदाने घेतली. इयन ड्यूरी हे या पिढीतील एक विलक्षण गीतकार. बालपणी, सातव्या वर्षी, पोलिओने त्यांचे अंग अधू झाले. १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे होऊ लागले, तेव्हा त्या दयाबुद्धीच्या समारंभाचा राग येऊन त्यांनी ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ हे गीत रचले. अपंगांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्दच त्यांनी झेंड्यासारखा उंच धरला. बी. बी. सी. ने ते वाजविण्याचे नाकारले. २००० साली ड्यूरी वारले. आणि २०१२ साली लंडनच्या पॅरालिंपिक क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनास तेच गीत जगासमोर गायिले गेले. काळा विनोद पचावयास समाजास कधीकधी एकतीस वर्षे लागतात, हे त्यावरून दिसून येते.

श्री. रेमो यांना ‘पोस्ट-पंक’ म्हणावे काय? शास्त्रार्थाने नव्हे. त्यांच्या सुरांत लॅटिन अमेरिकेची लचक आहे, रॉक आहे, गोव्याचा मांडो आहे. ती सर्व मंडळी रागावलेली होती. हे गृहस्थ बहुधा हसरे आहेत. परंतु कंपनीने नाकारलेल्याने घरी बसून, कोणाची पर्वा न करता, आपल्या गावाविषयी आपल्या शब्दांत उपरोधाने गावे, हे त्या चळवळीचे जे मर्म, ते त्यांच्यात संपूर्ण उतरले आहे. शिवाय त्यांना हे मर्म विलायतेतून आणण्याची गरज नव्हती; ते घरीच होते. कोंकणी रंगभूमीवर ‘तियात्र’ नावाचा नाट्यप्रकार आहे. त्याचा पहिला प्रयोग १८९२ साली, तोही आपल्या मुंबईत, झाला. तियात्रात नाटकाच्या दोन प्रवेशांच्या मध्ये ‘कांतारां’ गातात. त्यांचा कथानकाशी काडीचाही संबंध नसतो. मंत्री, पुढारी, धर्मगुरू, महागाई, सासू-सून या सर्वांची त्यांत यथास्थित पूजा बांधली जाते. प्रेक्षकांत बसलेल्या बड्या माणसास आपले नाव ऐकून हसावेच लागते. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यास आले असता त्यांच्या तोंडावर त्यांनाच हाक मारणारे ‘हॅलो राजीव गांधी’ हे गीत श्री. रेमो यांनी गायिले, तेव्हा काही लोकांना तो उद्धटपणा वाटला. तियात्र पाहिलेल्यास तो परंपरेचा हक्क वाटला असता.

आता गुणदोषांकडे वळू. श्री. रेमो यांचा पहिला गुण म्हणजे श्लेष. ‘गोअन क्रेझी’ या दोन शब्दांत ‘गोवेकर वेडा’ हा एक अर्थ. तोच उच्चार थोडा सैल केला तर ‘वेड लागत चालले’ हा दुसरा अर्थ. आणि परदेशी पाहुण्यांना गोव्याचे लागलेले वेड हा तिसरा. ‘स्मॅक’ या शब्दातही गर्द आहे, शिवाय थप्पड आहे. दोन्ही फितींच्या नावांतच कर्त्याचे धोरण सांगून टाकले आहे. हसावयास बोलवावे आणि हसणाऱ्याच्या गालावर अलगद चापट द्यावी.

दुसरा गुण म्हणजे विषयांची निवड. याच कालखंडातील त्यांचे ‘ओड टु ग्रॅहॅम बेल’ हे गीत पाहा. ‘ओड’ म्हणजे उद्देशस्तोत्र. आम्ही महाविद्यालयात कीट्सची स्तोत्रे शिकवितो. तेथे कवी कोकिळेसारख्या गाणाऱ्या पक्ष्यास, प्राचीन कलशास, शरदृतूस हाक मारतो. श्री. रेमो टेलिफोनच्या जनकास हाक मारतात, आणि गाऱ्हाणे सांगतात ते आपल्याकडे न लागणाऱ्या टेलिफोनचे. ज्या काळात टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मिळाल्यावर तो मुका निघे, त्या काळातल्या प्रत्येक घराला हे गाऱ्हाणे ठाऊक होते. उदात्त साचा घ्यावा व त्यात क्षुद्र दुःख ओतावे ही विडंबनाची जुनी युक्ती आहे. आपल्याकडे केशवकुमारांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढून हीच युक्ती काव्याच्या क्षेत्रात गाजविली. फरक एवढाच की, केशवकुमारांचे लक्ष्य कवी होते आणि श्री. रेमो यांचे लक्ष्य सरकारी कचेरी आहे.

परंतु टेलिफोन व मंत्री यांवर विनोद करणे एक आणि गर्दवर विनोद करणे दुसरे. येथे खरा वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो. आपल्या साहित्यशास्त्राने हास्य व करुण यांना परस्परविरोधी रस मानले आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे वैरी म्हणून भयानक आणि करुण या दोघांचे नाव घातले आहे. एकाच पात्रात हे रस ओतले तर दोन्ही नासतात, असा त्याचा भावार्थ. मग ज्या विषयाचा शेवट स्मशानात होतो त्याला नाचाची चाल लावावी काय?

मराठी वाचकास या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी गोव्यास जावे लागत नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्याच्या घरच्या कपाटात आहे. त्या नाटकात सुधाकर व सिंधू यांच्या संसाराची राख होते. परंतु दारूवरचा सर्वांत मोठा हशा त्याच नाटकात आहे, आणि तो तळीराम व त्याचे आर्य मदिरा मंडळ यांच्या तोंडी आहे. सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणाराही तळीरामच होय. म्हणजे गडकऱ्यांनी हास्य करुणाच्या शेजारी केवळ विसाव्यासाठी ठेवलेले नाही; हसविणारा तोच बुडविणारा, अशी त्यांची योजना आहे. प्रेक्षक तळीरामाला हसतो तेव्हा त्यालाही एक घोट पाजला जात असतो. काळ्या विनोदाचे हे मराठीतील सर्वश्रेष्ठ उदाहरण होय, आणि विश्वनाथाचा नियम येथे मोडला असता रस नासत नाही, दुप्पट होतो.

या कसोटीवर ‘पॅक दॅट स्मॅक’ हे शीर्षकगीत कितपत उतरते? चाल अत्यंत आकर्षक आहे. ठेका असा की, ऐकणाऱ्याचा पाय त्याला न विचारता हलू लागतो. शब्द नेमके आहेत आणि यमक हातोडीसारखे बसते. परंतु गीताची भूमिका उपदेशकाची आहे. गाणारा बाहेर उभा आहे. आत बुडालेल्यास तो बाहेर ये म्हणून हाक मारतो. तळीरामाला आतून बोलण्याची जी मुभा गडकऱ्यांनी दिली ती येथे कोणास नाही. ड्यूरी आपल्याच अधूपणावर हसतात. म्हणून त्यांच्या हसण्याला धार आहे. येथे हसणारा सुखरूप आहे. हा दोष आम्ही पूर्वीही मानीत होतो आणि आजही मानतो. दुसरा दोष भाषेचा. हे विष १९८० नंतरच्या काळात ज्या मुंबईच्या गल्ल्यांत, बंदरांवर व झोपड्यांत पसरले तेथील बहुसंख्य पोरांना इंग्रजी कळत नव्हते. गीत ज्यांच्याविषयी होते त्यांच्यापेक्षा ते ज्यांच्या दिवाणखान्यात वाजे ते लोक निराळे होते.

हे दोन दोष सांगितले की आमचे परीक्षण सशास्त्र संपावयास हरकत नव्हती. परंतु ही फीत आमची नव्हे. ती आमच्या एका मित्राची आहे, आणि तिचा पुढला इतिहास सांगितल्यावाचून आमचे मत अपुरे राहील.

हा मित्र आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, आमच्याच आळीतला. त्याचे वडील डोलीची जाळी टाकीत. घरामागे बोंबील वाळत. १९८४ च्या जानेवारीत आमच्या उरण टाकळ्यांतला, म्हणजे या साऱ्या पट्ट्यातला, शेतकरी दि. बा. पाटील यांच्या मागे जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरला आणि जासईच्या परिसरात गोळीबारात पाच माणसे पडली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्यानंतर न्हावा-शेव्याचे बंदर झाले, रस्ते झाले, परगावचे लोक आले. मित्र मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाऊन मुंबईत कामधंदा पाहू लागला. १९८७ साली एके शनिवारी तो ही फीत घेऊन आला. त्याला इंग्रजी बेताचेच येई. आम्ही कॉलेजात इंग्रजी शिकत होतो. तेव्हा एकेक ओळ थांबवून तिचा अर्थ आम्ही त्याला सांगावा आणि त्याने तो आगरी-कोळी बोलीत फिरवून साऱ्या ओटीला हसवावे, असा कार्यक्रम झाला. आमच्याकडे हळदीच्या रात्री बायका व्याह्यांची जी गाणी गातात, त्यांत जावयापासून भटजीपर्यंत कोणी सुटत नाही. मित्राने या गोव्याच्या गाण्यांना त्याच पंगतीत बसविले. त्याच्या आईलाही ‘प्याक द्याट’ एवढे दोन शब्द पाठ झाले होते. भांडी आवरताना ती ते म्हणे.

पुढील चार-पाच वर्षांत त्याचे काय होत गेले हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. गावात कोणी म्हणे क्षय आहे, कोणी म्हणे बाहेरची बाधा आहे. द्रोणागिरी देवीला नवस झाले. आम्ही सुटीत घरी जात असू. तो वाळला होता, पण विनोद करी आणि तेच गाणे शीळेवर वाजवी. ज्याच्या तोंडी ते गाणे आहे त्याला ती पूड शिवणार नाही अशी आमची, पुस्तकी माणसाची, खुळी समजूत होती. १९९२ साली तो गेला. वय चोवीस. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या आईने फितींची पेटी आमच्या हवाली केली. “हे तुमचं इंग्रजी, तुम्हीच न्या,” एवढेच ती म्हणाली. घरी येऊन आम्ही ही फीत काढली. वेष्टणाच्या आत, चित्राच्या कागदामागे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी बारीक घड्या घालून नीट रचून ठेविली होती. तिच्यावर काळे डाग होते. ती कशासाठी वापरतात हे तोवर आम्हांस ठाऊक झाले होते.

गीताचे नाव वाचकांनी येथे पुन्हा एकदा आठवावे. मित्राने ‘पॅक’ केले होते, तेही तेथेच. हा त्याने जाणूनबुजून केलेला विनोद होता की केवळ सोयीची जागा होती, हे सांगावयास तो नाही. त्याचा स्वभाव पाहता तो विनोदच असावा असे आमचे मन घेते. तसे असेल तर गीताच्या कर्त्यास जे साधले नव्हते ते त्याने साधले. तो आतून बोलला.

त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही ही फीत लाविली नाही. या गाण्यांवर आमचा राग होता. मरणाला ठेका लावणारा मनुष्य मरणाला खेळ समजतो, असे आम्ही वर्गात एकदोनदा बोलूनही गेलो. इयन ड्यूरी, रेमो व तत्सम मंडळींविषयी विद्यार्थी विचारीत तेव्हा आम्ही विषय बदलीत असू. लेख इतका उशिरा लिहिण्याचे कारण हे.

आज तो राग न्याय्य होता असे आम्हांस वाटत नाही. ज्या १९८६ साली ही फीत निघाली त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात डॉ. अनिता अवचट व श्री. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिल अवचटांनी ‘गर्द’ हे पुस्तक लिहून या विषाची हकिगत मराठी घरांत नेली. त्या लेखनात विनोद जवळजवळ नाही. साधे, जवळून पाहिलेले, अंग चोरून न बसणारे गद्य आहे. बुडणाऱ्याला हात देण्याचे काम त्या संस्थेने केले, आणि ते काम गाण्याचे नव्हतेच. गाण्याने औषध व्हावे अशी अपेक्षा आम्ही धरली आणि ती पुरी झाली नाही म्हणून गाण्यास दोषी ठरविले. ‘एकच प्याला’ पाहून किती लोकांनी दारू सोडली याची मोजदाद करून गडकऱ्यांची थोरवी कोणी ठरवीत नाही.

मग गाण्याचे काम कोणते? आम्हांस आता असे दिसते की, ते काम नाव घेण्याचे आहे. १९८७ साली करंजाच्या आमच्या ओटीवर त्या पुडीचे नाव उच्चारणारा दुसरा कोणी नव्हता. शाळेने ते घेतले नव्हते, देवळाने घेतले नव्हते, आमच्या थोर इंग्रजी अभ्यासक्रमाने तर नाहीच. त्यानंतरही आजाराला क्षय म्हणण्यात आले, बाधा म्हणण्यात आले. ज्या एका वस्तूने तिचे नाव उघड, मोठ्याने आणि हसत घेतले ती ही फीत होती. गंभीर भाषणाला आमच्या ओटीवर कोणी बसू दिले नसते. विनोद तेवढा आत आला. हास्याचा हा परवाना नाथांना ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी भारुडात वेदान्त सांगण्यासाठी विंचू, महारीण, वेडी, आंधळा अशी सोंगे घेतली. लोक सोंगाला हसत आणि अर्थ घरी घेऊन जात. आमच्या ओटीवर अर्थ आला होता. तो घरी नेला नाही तो आम्ही. ओळ न् ओळ उलगडून सांगणारे आम्ही होतो, आणि ज्याला सांगत होतो त्याच्याकडे पाहिले नाही तेही आम्हीच.

टीकाकाराने यातून एक धडा घ्यावा. कलाकृतीचे दोष काढताना तो कर्त्याकडे बोट दाखवितो. पण कृती पुरी होते ती ऐकणाऱ्याच्या ठायी. ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये उपदेशकाचा सूर आहे, ती सुखवस्तूंच्या भाषेत आहे, तिचे यमक कधीकधी विचाराच्या पुढे धावते. हे सर्व दोष आम्ही कायम ठेवितो. तरीही आपल्या काळातील सर्वांत काळ्या गोष्टीकडे तोंड फिरवावयाचे नाही, तिच्याकडे हसत पाहावयाचे, आणि ते कोणाच्या परवानगीवाचून घरच्या खोलीत चार पट्ट्यांच्या यंत्रावर करावयाचे, हे धैर्य त्या वर्षी फार थोड्यांनी दाखविले. विश्वनाथाने सांगितलेले वैर हास्य व करुण यांत नसून कित्येकदा हास्य आणि मौन यांच्यात असते, असे म्हणावयाचा मोह आम्हांस होतो.

तरुण वाचकांस एक सूचना. आता करंजास येणे सोपे झाले आहे. २०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत रेल्वे येते; मोऱ्याच्या लाँचवर अवलंबून राहावे लागत नाही. शिवोलीची ही गाणीही आता शोधावयास फार कष्ट पडत नाहीत. ती ऐकताना पाय हलला तर हलू द्यावा. त्यात कमीपणा नाही. मात्र शेजारी बसलेला कोणी आपल्यापेक्षा थोडा अधिक मोठ्याने हसत असेल, तर त्याच्याकडे एकदा नीट पाहावे.

मित्राची आई अद्याप हयात आहे. यंदा आषाढात आम्ही ती फीत दुरुस्त करवून तिच्या ओटीवर लाविली. बुरशीचा पाऊस चालू होता. बाहेरही पाऊस होता. गाणे कोणते हे तिने विचारले नाही. भांडी आवरीत होती ती आवरीत राहिली, आणि ठरलेल्या जागी तिने ते दोन शब्द म्हटले.